रापलेला रंग

“दीदी, इनका रंग कैसा था?”

नंदलालनं हे विचारलं तेव्हा त्याचं लक्ष पडद्याकडे होतं. माऊस थांबवून तो उत्तराची वाट पाहत राहिला, आणि रीतानं तोंड उघडलं तर तोंडातून काही येईना. सकाळपासून तिनं कमी प्रश्नांची उत्तरं दिली नव्हती. डोळ्यांच्या दवाखान्यात मायचं वय, मायची शुगर, मायला कोणत्या गोळ्या सोसत नाहीत, सगळं तिनं धडाधड सांगितलं होतं. टेलिफोनच्या ऑफिसात तर ती दिवसभर तक्रारीच्या काउंटरवर बसते, आणि हिच्या तोंडी लागू नये अशी तिची ख्याती आहे. आणि हा एवढासा प्रश्न. ज्या माणसाच्या खांद्यावर बसून लहानपणी सारं गाव पाहिलं, ज्याचं तोंड आधी रोज आणि लग्नानंतर सणावारी डोळ्यांसमोर होतं, त्याचा रंग कसा होता? “बोलिए ना,” नंदलाल म्हणाला, “गोरा, गेहुआँ, साँवला? ब्लॅक अँड व्हाइट में पता नहीं चलता. मैं जो भरूँगा वही बैठेगा.” त्याच्या आवाजात घाई नव्हती. मेलेल्या माणसांचे रंग विचारणं हा त्याचा रोजचा धंदा होता.

गोंदियाच्या बाजारातल्या एका गल्लीत त्याचा स्टुडिओ होता, आणि बाहेर मे महिन्याची दुपार पेटली होती. आतल्या भिंतींवर त्याच्या हातचे नमुने टांगलेले होते. जुन्या, पिवळ्या पडलेल्या फोटोंतून उचलून कॉम्प्युटरवर नवे केलेले बाप, आजे, सासरे. आयुष्यभर बंडी आणि धोतरात काढलेल्या या माणसांना मेल्यावर सरसकट कोट मिळाला होता, टाय मिळाला होता, पाठीमागे बर्फाचे डोंगर मिळाले होते. एका म्हातारीला तर तिच्या नऊवारीसकट कुठल्याशा परदेशी फुलांच्या बागेत उभं केलं होतं आणि ती बिचारी वाट चुकल्यासारखी पाहत होती. आणि सगळे गोरे. एवढी गोरी माणसं गोंदिया जिल्ह्यात जिवंतपणी रीतानं कधी पाहिली नव्हती. तिला हसू आलं, आणि लगेच विरलं, कारण आता या रांगेत बाबा उभे राहणार होते.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. परवा गावाला वर्षश्राद्ध होतं. गाव नवेगाव बांधच्या पलीकडे, जंगलाला टेकलेलं. तिथे पहिल्या वर्षाला फोटोला हार घालून तो ओसरीत लावायचा, आणि एकदा लावला की पिढ्या न् पिढ्या तोच बाप, तोच आजा. रीताचा धाकटा भाऊ अश्विन गावी शेती पाहतो आणि खताचं दुकान चालवतो. त्याचा सकाळी मोबाइलवर फोन येऊन गेला होता. “दीदी, फोटो जरा गोरा करून आन. अन् कोट घालाले सांग. सारा गाव येऊन रायला, पाहुणे येऊन रायले. आपला बाप काई ऐरागैरा नोता.” शेवटचं वाक्य रीतालाही पटलं होतं, म्हणून ती तेव्हा काही बोलली नाही. माय मात्र तिच्यासोबतच होती. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, पट्टी उद्या सकाळी निघायची होती, आणि दुसऱ्या डोळ्यात अजून दूध दाटलेलं होतं. दोन्ही डोळ्यांवर काळा मोठा चष्मा घालून ती स्टुडिओच्या बाकावर पाय वर घेऊन बसली होती. पट्टी निघाली की दोघी एसटी धरून गावाला जायच्या. म्हणजे नव्या डोळ्यानं माय जे पहिलं नीट पाहणार, ते हेच तोंड. रीताच्या मनात हे घोळत होतं, आणि म्हणूनच तिला चुकायचं नव्हतं. भावाचं म्हणणं, पाहुण्यांचं पाहणं हे सगळं ठीक. पण मायनं डोळा उघडावा आणि समोर भलताच माणूस दिसावा, हे तिला सोसणार नव्हतं.

“गोरा,” बाकावरून माय म्हणाली. “गोरा होता. भर रे बाबू.”

नंदलालनं रीताकडे पाहिलं. रीतानं हातानं त्याला थांबवलं. गोरा? बाबा? तिनं डोळे मिटून बाबांना समोर आणायचा प्रयत्न केला. आले, पण तुकड्यातुकड्यानं आले. हात आले सगळ्यांत आधी. पंजे रुंद, नखं चपटी, मनगटावर पांढरे केस आणि त्या केसांखालची कातडी. तिला काय म्हणावं? काळी नव्हती. काळा होता बकारामकाका, बाबांचा चुलतभाऊ, तेल लावल्यासारखा चकचकीत, जन्मापासूनच काळा. सावळी म्हणावं तर सावळेपणात एक मऊपणा असतो, तो बाबांच्या हातात औषधालाही नव्हता. गहूवर्णी हा शब्द तर लग्नाच्या बायोडाट्याबाहेर तिनं कधी ऐकला नव्हता, आणि ज्या मुलखात माणसं तीन वेळा भात खातात तिथे गव्हाचा रंग कुणी कशाला लक्षात ठेवावा? शब्द एकेक करून ती बाबांच्या मनगटाला लावून पाहत राहिली आणि एकही बसेना. तिला स्वतःचाच राग आला. बापाचा रंग सांगता येत नाही अशी कशी लेक, तिला वाटलं.

मग तिला बाबांचाच शब्द आठवला. रापलेला. बाबांना हा शब्द सगळ्याला चाले. फावड्याला नवा दांडा बसवला की ते हातात तोलून म्हणत, “रापला नाई अजून, फोड आनन.” चुलीमागची भिंत रापलेली असे, बैलाच्या मानेवरचं जू रापलेलं असे, गावातला एखादा म्हातारा पंचायतीत दोनच वाक्यं बोलून भांडण मिटवी तर तो रापलेला माणूस असे. रीताचं लग्न ठरलं तेव्हा तिचा होणारा नवरा, आमगावचा मास्तर, पहिल्यांदा घरी आला. बाबांनी त्याला पाटावर बसवलं, पोटभर जेवू घातलं, आणि तो हात धुवायला उठला तेव्हा त्याच्या हातांकडे बघून आत येऊन म्हणाले, “पोरगा चांगला आहे. रापला नाई, एवढंच.” आतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. पुढे नवऱ्याची बदली आडगावच्या शाळेत झाली, उन्हातान्हात स्कूटर हाणून त्याचं नाक सोललं, कान काळे पडले. त्या उन्हाळ्यात बाबा गोंदियात त्यांच्या मुर्रीच्या घरी आले, दारातच जावयाला खालून वर पाहिलं आणि मोठ्या समाधानानं म्हणाले, “आता रापले जवाई.” नवऱ्याला ते कुठल्याही बक्षिसापेक्षा मोठं वाटलं. तो आजही कुणी त्याच्या रंगावरून बोललं की सासऱ्याचा दाखला देतो.

इकडे ऑफिसात त्याच गोष्टीला टॅन म्हणतात. रुचि नावाची नवी मुलगी काउंटरला आली आहे, ती गाडीवरून उतरली की आधी तोंडाचा स्कार्फ सोडते, मग कोपरापर्यंतचे पांढरे हातमोजे काढते, मग माणूस दिसायला लागते. “दीदी, आपका कितना टॅन हो गया,” ती रीताला मधूनमधून सांगते आणि पार्लरचा पत्ता देते. रीताही आता गाडीवर हातमोजे घालते. त्यात काही चूक आहे असं तिला वाटत नाही. गोंदियाचं ऊन काही कुणाचं मेहुणं लागत नाही. पण पार्लरवाली जेव्हा तिच्या दंडावर पीठ चोळत म्हणाली, “सब निकल जाएगा दीदी, नीचे का असली कलर आ जाएगा,” तेव्हा रीताच्या डोक्यात एक बारीकसा काटा राहून गेला होता. म्हणजे वरचा रंग नकली? बाबांचा सगळा वरचाच होता. जन्माला येताना मिळालेला रंग त्यांनी कधीचाच मागे टाकला होता आणि पुढे जो चढला तो एकेक उन्हाळा तलावाच्या पाळीवर उभं राहून चढवला होता. जो फुकट मिळाला तो असली, आणि जो अंगावर मिळवला तो काढून टाकायचा, हा हिशेब बाबांना सांगितला असता तर त्यांनी पार्लरवालीला बसवून चहा पाजला असता आणि मग समजावलं असतं.

कोहळ्याचं, म्हणजे पिढीजात तलाव बांधणाऱ्या जातीचं घर. पाळ म्हणजे तलावाचा बांध, आणि तो त्यांच्या घराचा धर्म. गावचा तलाव कोणत्या पणज्यानं बांधला त्याचं नाव कुणाला आठवत नाही, पण पाळ कुठे कच्ची आहे ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक. पोरांना चालायला शिकवायचं तेही पाळीवर नेऊन. बाबा म्हणत, सपाट जमिनीवर काय, बकरीचं पिल्लूही चालतं. रीता त्यांच्या मागून कितीदा त्या पाळीवरून गेली असेल. पुढे बाबांची मान, बंडीचा गळा आणि त्या गळ्याच्या काठावर...

“दीदी, ये देखिए,” नंदलाल म्हणाला. “यहाँ दाग है.”

तिनं डोळे उघडले. पडद्यावर बाबांचा फोटो होता. फोटो म्हणजे तरी काय, पंचायत समितीचा कुणी फोटोग्राफर जीप घेऊन गावात आला होता, त्यानं पाळीवर उभ्या असलेल्या दहावीस गड्यांचा एक फोटो काढला, आणि पुढे कुणीतरी त्यातून बाबांचा चेहरा कातरून मायला आणून दिला. नखाएवढा चेहरा. घरात बाबांचा हाच एक फोटो, कारण त्यानंतर कॅमेरा दिसला की बाबा उठून गोठ्यात जात. त्या नखाएवढ्या फोटोत बाबा खरोखर गोरे दिसत. अश्विनचा जन्म त्यानंतरचा. तो लहानपणापासून समजूनच चालला होता की तरुणपणी बाप गोरापान होता आणि शेतीनं त्याची माती केली. नंदलालनं चेहरा मोठा केला, आणखी मोठा केला. उजवा गाल पडद्याभर झाला. गालावर पांढुरका पट्टा होता, कपाळावरूनही एक गेला होता, नाकाच्या बाजूनं हनुवटीपर्यंत उतरला होता. “पुराना फोटो है, फंगस लगा होगा,” नंदलाल म्हणाला. “साफ कर दूँ? दो मिनट का काम है. एकदम क्लीन.” आणि त्यानं बाण त्या पट्ट्यावर नेला.

“रुकिए.” रीता इतक्या जोरात बोलली की बाकावर माय दचकली. पट्ट्याला भेगा होत्या. बारीक, केसासारख्या, एकमेकींत शिरलेल्या भेगा. बुरशीला भेगा पडत नाहीत. भेगा पडतात वाळलेल्या मातीला. ती पिवळी चिकण माती होती, ओली असताना लोण्यासारखी, वाळली की पांढरी पडणारी, आणि ती बाबांच्या तोंडाला लागली नव्हती, लावलेली होती. हा फोटो त्या दिवसाचा होता.

त्या साली पाळ फुटली होती. रीता तेव्हा पाचवीत होती. पाणी खालच्या धानात शिरलं, दोन घरं पडली, आणि लोक म्हणायला लागले की आता सरकारची वाट पाहा. बाबा म्हणाले, आपल्या आज्याच्या पाळीला सरकार कायले पाहिजे? आणि उन्हाळाभर ते गावाला घेऊन पाळीवर राहिले. घरी जेवायला येत तेही उभ्या उभ्या. कुणी मागे लागलं, कुणी टोमणे मारले, एका भावकीनं तर गडी पाठवायचेच बंद केले. बाबा त्या भावकीच्या वाट्याची माती स्वतः डोक्यावर वाहत होते आणि वाहताना त्यांच्याच दारावरून मुद्दाम जात होते. तिसऱ्या दिवशी ते लोक लाजून आले. शेवटची फट बुजवायची त्या दिवशी सारं गाव जमलं. त्यांच्या गावाची रीत अशी, की शेवटच्या टोपल्यातली मूठभर माती काढून ठेवायची आणि ज्याच्या शब्दावर पाळ उभी राहिली त्याच्या तोंडाला ती सगळ्यांसमोर फासायची. आणि ती धुवायची नाही. वाळून, सुकून आपोआप पडेल तेव्हा पडेल. घरच्या बाईनंही पुसायची नाही. ती माती बकारामकाकानं बाबांच्या तोंडाला लावली. रीता शाळेतून आली तर ओसरीत पांढऱ्या तोंडाचा कुणी माणूस बसला होता. ती घाबरून मागे सरकली. मग तो माणूस हसला, आणि हसल्याबरोबर त्याच्या गालावरून पोपडे खाली पडले, आणि खालून बाबा निघाले. बाबांनी तिला जवळ ओढलं नाही की काही नाही. एवढंच म्हणाले, “वळखलं नाई का वो मले?” आणि इतके आनंदात होते की त्या रात्री ते एकटेच बराच वेळ गुणगुणत होते. रीतानं बापाला गुणगुणताना ऐकलं ते तेवढंच.

पंखा थांबला. पडद्याखालचा बॅटरीचा डबा पीं पीं करायला लागला. “गई,” नंदलाल म्हणाला आणि त्यानं घाईघाईनं काम सेव्ह करून कॉम्प्युटर बंद केला. भारनियमनाची वेळ चारची होती, आज तीनलाच गेली. पडद्यावरचा बाबांचा चेहरा मावळला. नंदलाल हातानं वारा घेत दुकानाबाहेर पायरीवर जाऊन शेजाऱ्यांशी वीज मंडळाच्या नावानं बोलत बसला. आत गरम अंधारात त्या दोघीच राहिल्या, आणि भिंतीवरची ती कोटातली माणसं.

“लाइट गेली वाटते,” माय म्हणाली. “पंखा थांबला.”

रीता तिच्याजवळ बाकावर जाऊन बसली. “माय, हा फोटो पाळ बुजवली त्या रोजचा आहे. बाबाच्या तोंडाले ती माती आहे. बकारामकाकानं लावलेली.”

मायनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. काळ्या चष्म्यामागे काय चाललं होतं ते रीताला दिसेना. “मी समजे का फोटोच खराब आहे,” ती म्हणाली. “इतले वर्सं देवाजवर ठेवला, अन् मले पांढरंच दिसे. मंग त डोरेच गेले, सारं पिवरं पिवरं दिसाले लागलं. त्या रोजचा आहे का तो?” तिचा आवाज हलका झाला, आणि त्यात असा काही अभिमान होता की रीताला तिच्याकडे पाहायला संकोच वाटला. “त्या रोजी तो जेवला नाई. भात खाताना माती पडन म्हने.”

“दुकानवाला म्हनते, तो डाग साफ करून देतो. अन् अश्विन म्हनते गोरा कर.”

“मंग गोरा त होताच तो.”

“माय, काऊन असं बोलतेस?” रीता चिडली. इतका वेळ आत साचलेलं एकदम वर आलं. “बाबा कधी गोरे होते? मी काय पाहिलं नाई? मी त्यांच्या मागं मागं फिरली. मले माहीत नाई का त्यांचा रंग?”

“तू कुठं पाहिला?” माय शांतपणे म्हणाली. “तू पाहिलं तोंड, अन् हात, अन् पाय. बंडीच्या आतला तुझा बाप तू कुठं पाहिला?”

या वयातही रीताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आणि त्याच क्षणी तिला बंडीचा तो गळा परत दिसला, पाळीवर तिच्या पुढे चालणारी मान आणि मानेखाली, बंडी सरकली की दिसणारी ती रेघ. रेघेच्या वर एक माणूस आणि रेघेच्या खाली दुसराच. लहानपणी तिला वाटे, बाबांनी आत आणखी एक बंडी घातली आहे. म्हणजे माय खोटं बोलत नव्हती. तीसचाळीस वर्षं दोघी एकाच माणसाकडे पाहत आल्या, आणि प्रत्येकीला त्याचा वेगळा भाग मिळाला. आपल्याला बाबा पूर्ण माहीत आहेत हा रीताचा मोठाच तोरा होता. तो जरा खाली आला, आणि तो खाली आल्याचं तिला वाईटही वाटलं नाही.

“लगन झालं तवा अख्खाच तसा होता,” माय बोलत राहिली, अंधारात बोलायला तिला बरं वाटत असावं. “हरद लावली त दिसे नाई. मंग तलावाच्या पारीवर उभा रायला लागला अन् वरून कारा पडत गेला. मी म्हनो, डोक्शाले काई बांधत जा, कसा होतास अन् कसा झालास. त म्हने, तुझ्यासाठी आत राखून ठेवला आहे ना, बाकीचा गावाले देल्ला त तुझं काय जाते?” आणि माय हसली. सत्तरीच्या बाईनं हसावं तसं नाही, ओसरीआडून एखादी नवी नवरी हसते तसं. रीतानं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

बाहेर नंदलाल कुणाला तरी सांगत होता की ट्रान्सफॉर्मर उडाला असेल तर आज काही खरं नाही. रीताला एकदम भीती वाटली. वीज आलीच नाही तर? आणि आली, तर तिनं काय सांगायचं? माती ठेवा म्हणायला तिला आवडलं असतं. पण मातीचा अभिमान तिचा, त्या दिवशी शाळेतून आलेल्या पोरीचा. मायला तिचा माणूस पाहिजे होता. वर्षभर अंधुक उजेडात एकटी बसलेल्या बाईला नवा डोळा मिळतोय, आणि त्या डोळ्यापुढे माखलेलं, भेगाळलेलं तोंड धरायचं? आपल्या मोठेपणासाठी? नंदलालच्या दोन मिनिटांत बाबा स्वच्छ झाले असते, गोरे झाले असते, मायच्या लग्नातले झाले असते. तेही खोटं नव्हतंच. खोटं काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

“माय,” तिनं विचारलं, “उद्या पट्टी निघन. तू पयलं त्यांनाच पाहशीन. तुले कसा पाहिजे? तुझा तो गोरा पाहिजे असन, त मी तोच करून घेतो. कोनाचं ऐकत नाई. अश्विनलेबी तोच पाहिजे आहे.”

मायनं हात पुढे केला, चाचपडत रीताचा गुडघा शोधला आणि त्यावर ठेवला. “वेडी आहेस का वो? मले दिसला तो माझा आहे. तो कायले ओसरीत टांगतेस, येनाऱ्या जानाऱ्याले दाखवाले? गावाले दिसला तो लाव.”

“अन् माती?”

“माती धुवाची नसते,” माय म्हणाली, लहान पोराला सांगावं तसं.

“अश्विन बोंबलन.”

“बोंबलू दे. त्याले म्हनाव, तुझा जनम व्हाच्या आंधी सारा गाव उभा होता, पन तुझ्या बापाचं तोंड पुसाची कोनाची हिंमत नोती. आता तू पुसशीन का?”

अशा घरात आपण जन्मलो, या बाईच्या पोटी, त्या माणसाच्या पाठीमागून चालत, हे रीताला पहिल्यांदाच कळत होतं असं नाही. पण या उकाड्यात, या कोटवाल्या मढ्यांच्या मधोमध ते इतकं स्वच्छ कळलं की तिला सरळ बसावंसं वाटलं, आणि ती बसली.

वीज आली. पंखा कुरकुरत फिरायला लागला, नंदलाल कपाळ पुसत आत आला, कॉम्प्युटर आपल्या चालीनं जागा झाला आणि त्यात पुन्हा बाबा उगवले, पडद्याभर. “हाँ, तो दाग साफ करना है ना?” नंदलालनं विचारलं.

“तो डाग नाही. माती आहे. ती राहू द्या. और उसको मिट्टी का ही कलर दीजिए, पिवळी माती सूखने पर जैसी होती है.”

नंदलालनं माऊसवरचा हात काढला आणि तो खुर्चीत वळला. “मुँह पे मिट्टी? दीदी, हार चढ़ेगा इस पे. लोग मुझे गाली देंगे.”

“कोई नहीं देगा. और कोट नको. पीछे पहाड़ नको.”

“और चेहरा? गोरा, गेहुआँ...”

रीतानं आजूबाजूला पाहिलं. ती शब्द शोधत नव्हती आता, शब्द तिच्याजवळ होता, पण तो नंदलालला देऊन उपयोग नव्हता. त्याच्या दुकानाचं काउंटर सागवानी होतं, त्याच्या बापाच्या वेळचं असावं. इतकी वर्षं गिऱ्हाइकांचे हात टेकून टेकून त्याचा काठ जिथे गडद झाला होता, जिथे लाकूड लाकूडही राहिलं नव्हतं आणि काळंही झालं नव्हतं, तिथे तिनं तळवा ठेवला. “ये,” ती म्हणाली. “ये वाला.”

नंदलालनं काउंटरकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. “इतना पक्का?” एवढंच तो म्हणाला.

“इतनाच.”

तो कामाला लागला. गळ्यापासून सुरुवात केली त्यानं. रंग हळूहळू वर चढत गेला, हनुवटीवर आला, ओठांच्या कडेनं गेला, कान भरले, डोळ्यांखालच्या सुरकुत्यांत उतरला. एकदा जास्त झाला, एकदा लाल झाला, रीतानं मान हलवली, त्यानं पुसून पुन्हा भरला. गालावरच्या आणि कपाळावरच्या पट्ट्यांना त्यानं शेवटी हात घातला. त्यांचा रंग त्यानं न विचारताच बरोबर भरला, तोही इकडचाच होता शेवटी, त्यानंही ती माती पाहिलीच असणार. आणि मग त्यानं तो भला मोठा चेहरा लहान केला, आणखी लहान केला, आणि एका क्षणी भेगा, पट्टे, रंग सगळं एकत्र बसलं आणि बाबा समोर आले. डोळे किंचित बारीक केलेले, कारण समोर ऊन. ओठ मिटलेले, कारण हसलं तर माती पडेल. कुणाच्या बापाची छाती होती याला गोरा करायची?

“झाला का?” बाकावरून मायनं विचारलं.

“झाला.”

“कसा दिसते?”

“पारीवर उभा आहे, माय,” रीता म्हणाली.

नंदलाल उठला. या बाईला काही दिसत नाही हे त्याला ठाऊक होतं, तरी त्यानं तो जड पडदा दोन्ही हातांनी धरला आणि वायरी सांभाळत बाकाच्या दिशेनं फिरवला. मायनं वर घेतलेले पाय खाली सोडले. चारचौघांत नवऱ्यासमोर यायचं म्हणून ती नीट बसली, आणि डोक्यावरून घसरलेला पदर तिनं पुढे ओढून घेतला.